हळदीच्या दुधातलं दूध : एका हृदयरुग्णाचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापूरचं आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात मी आहारसल्ल्याचं काम पाहते, त्यामुळे यात औषधांपेक्षा स्वयंपाकघर जास्त आलंय. औषधांचे सगळे निर्णय फॅमिली डॉक्टर आणि हृदयरोगतज्ज्ञ यांचे.

पार्श्वभूमी

रुग्ण ५६ वर्षांचे. त्यांना काका म्हणू. उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप, दिवसभर मशिनीपुढे उभं राहायचं काम. तरुणपणी तालमीत जायचे. कुस्ती सुटली, पण तालमीतलं खाणं सुटलं नाही. आठवड्यातून दोनदा मटण, तांबडा-पांढरा, आणि संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन समोर काढलेलं म्हशीचं दूध. घरात पाच माणसं : काका, काकू, मुलगा, सून आणि काकांच्या आई.

आमच्याकडे येण्याच्या चौदा महिने आधी काकांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. तेव्हा एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १६८ होतं. घरी सोडताना अ‍ॅस्पिरिन, टिकाग्रेलॉर (दोन्ही रक्त पातळ ठेवणारी), रक्तदाबाची गोळी आणि कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन म्हणजे अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन ४० मि.ग्रॅ. अशी चिठ्ठी मिळाली. सहा आठवड्यांनी एलडीएल ७८ वर आलं. चांगली घसरण होती. पण हृदयविकाराचा झटका किंवा अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणारी कळ) होऊन गेलेल्यांसाठी कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना ५५ च्या खाली यायला सांगतात. म्हणजे अजून वाट बाकी होती.

ती चालायच्या आधीच गाडी उलटी फिरली. सहाव्या महिन्यात रात्री पोटऱ्या दुखू लागल्या. वर्कशॉपमध्ये कुणीतरी सांगितलं, कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू झिजतात. काकांनी ती एक गोळी बंद केली. बाकीच्या चालू ठेवल्या आणि डॉक्टरांना काही सांगितलं नाही. पुढच्या भेटीत "गोळ्या चालू आहेत ना?" असं विचारल्यावर ते "व्हय" म्हणाले. तसं पाहिलं तर खोटंही बोलले नाहीत.

गोळीच्या जागी काय आलं

गोळी बंद केल्याची धास्ती काकांनाही होतीच, म्हणून त्यांनी पर्याय शोधला. सकाळ-संध्याकाळ एक एक मोठा पेला हळदीचं दूध. त्यात अर्धा चमचा हळद, चिमूटभर मिरपूड आणि चमचाभर तूप, कारण हळद स्निग्धात मुरते, नुसती घेतली तर अंगी लागत नाही, हे ऐकलेलं. अनशापोटी लसणाच्या दोन कच्च्या पाकळ्या. दुपारच्या चहात दालचिनी. अँजिओप्लास्टीनंतर कट्ट्यावरचं दूध काकूंनी हट्टाने बंद पाडलं होतं. आता तेच दूध औषधाचं नाव घेऊन घरात आलं आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही.

दहाव्या महिन्यात मुलाने एक कॅप्सूल ऑनलाइन मागवली. एका कॅप्सूलमध्ये ५०० मि.ग्रॅ. हळदीचा अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स, म्हणजे कर्क्युमिन हा हळदीतला मुख्य घटक आणि त्याची भावंडं, सोबत ५ मि.ग्रॅ. पायपरिन म्हणजे मिरीचा अर्क. दिवसाला दोन.

मुलगा इंजिनिअर, वाचणारा. त्याने नुसत्या जाहिरातीवर भरवसा ठेवला नव्हता. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधनाचा एक कागद तो छापून घेऊन आला होता. ते संशोधन खरं आहे आणि चांगलंही आहे. तिथे उंदरांना भरपूर चरबीचं खाद्य दिलं आणि काही गटांच्या खाद्यात कर्क्युमिन ०.२ टक्के, काहींच्या खाद्यात मिरचीतलं कॅप्सेसिन ०.०१५ टक्के मिसळलं. मसाल्याचं खाद्य मिळालेल्या उंदरांच्या रक्तातले ट्रायग्लिसराइड्स (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) कमी राहिले. कोलेस्टेरॉल घातलेल्या खाद्यावर ठेवलेल्या उंदरांतही या घटकांनी कोलेस्टेरॉल खाली आणलं. मुलाचं म्हणणं होतं, "मॅडम, पप्पांचं खाणं पण हाय-फॅटच आहे की. मग हे त्यांनाच लागू पडतं."

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पुढे येतं.

अडचण

चौदाव्या महिन्यात फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. एलडीएल १७४, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या वेळेपेक्षाही थोडं वर. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, २१२, जिथे प्रयोगशाळेची वरची मर्यादा ५६ होती. बिलिरुबिन १.१. कावीळ नाही, खाज नाही. काकांना थोडी भूक मंदावल्यासारखी वाटत होती, एवढंच. रक्तदाब १४६/९०.

घरच्यांनी लगेच निष्कर्ष काढला : कोलेस्टेरॉलच्या गोळीने लिव्हर बिघडवली. गोळी आठ महिन्यांपूर्वीच बंद झाली आहे, हे डॉक्टरांना त्याच दिवशी, त्याच खोलीत कळलं. ते मुलाच्या तोंडून निघालं आणि काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

आणखी एक गोष्ट काकूंनी सांगितली. मधले दोनेक महिने काकांच्या हातावर जरा काही लागलं तरी काळे-निळे डाग पडायचे. हे दोन महिने म्हणजे कॅप्सूल सुरू झाल्यापासून टिकाग्रेलॉरचा वर्षाचा कोर्स संपेपर्यंतचा काळ. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांनी असे डाग एरवीही पडतात, त्यामुळे दोष कॅप्सूलचाच असं म्हणता येत नाही. पण कर्क्युमिन आणि लसूण या दोघांचाही प्लेटलेट्सवर थोडाफार परिणाम होतो, आणि टिकाग्रेलॉर यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे शरीरात मोडलं जातं त्यालाच पायपरिन अडवतं. तेव्हा गोळ्या, लसूण आणि कॅप्सूल या तिन्ही गोष्टी एकाच पोटात जात होत्या आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला त्यातली एकच ठाऊक होती.

हिशेब मांडल्यावर

माझ्याकडे आल्यावर काकांचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, मी तेलकट खातच न्हाई आता. निस्तं औषधाचं दूध घेतो."

काय खाता, किती खाता हे विचारण्यात फारसा अर्थ नसतो. सगळे कमीच सांगतात, आणि मुद्दाम नव्हे. त्यामुळे मी काकूंना विचारलं, तेलाचा डबा किती दिवस पुरतो? पंधरा किलोचा शेंगतेलाचा डबा दोन महिन्यांत संपत होता. पाच माणसं, साठ दिवस : माणशी रोज ५० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांत २००० कॅलरींच्या ताटाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. इथे जवळजवळ दुप्पट जात होतं.

मग दूध. म्हशीच्या दुधात ७ टक्के स्निग्धांश धरला तर अर्ध्या लिटरमध्ये ३५ ग्रॅम, आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश संपृक्त (सॅच्युरेटेड). म्हणजे २२-२३ ग्रॅम. दोन चमचे तुपाचे आणखी सहा. एका माणसाने दिवसभरात एकूण २२ ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी घ्यावी ही मर्यादा, आणि काका नुसत्या 'औषधा'तून अठ्ठावीस घेत होते. मटण, खोबरं, चहातली साय हे सगळं त्यापुढे. एलडीएल वाढवणारी चरबी मुख्यतः हीच.

आता हळद. दिवसाला दोन अर्धे चमचे म्हणजे साधारण तीन ग्रॅम. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे ९० मि.ग्रॅ., आणि त्यातलंही रक्तात पोचतं ते नाममात्र. म्हैसूरच्या उंदरांचं ०.२ टक्के प्रमाण माणसाच्या ताटाला लावून बघा : दिवसाचं कोरडं अन्न अर्धा किलो धरलं तर एक ग्रॅम कर्क्युमिन लागेल, म्हणजे तेहतीस ग्रॅम हळद. एवढी हळद घातलेली आमटी सांगलीच्या हळदपेठेतला व्यापारीसुद्धा खाणार नाही. उंदराचा हिशेब माणसाला असा सरळ लावता येत नाही हे खरंच, पण अंदाज येण्यापुरता तो पुरे आहे. तिथवर पोचायचं तर अर्कच लागतो, आणि काकांच्या दोन कॅप्सूल बरोबर तिथवर पोचत होत्या : रोज ९५० मि.ग्रॅ.

म्हणजे मुलाचं गणित चुकलेलं नव्हतं. पण त्या प्रमाणाबरोबर काय काय येतं, हे त्याच्या कागदावर नव्हतं. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की, दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मि.ग्रॅ. पायपरिन दिलं तर माणसाच्या रक्तात कर्क्युमिन वीसपट मिळतं. हळद-मिरीच्या सगळ्या कॅप्सूलचं मूळ या एका निष्कर्षात आहे. स्वयंपाकातली मिरी निरुपद्रवी. काकांच्या दिवसाच्या पायपरिनएवढं तर दोन-चार मिरीदाण्यांतही असतं. वेगळी होती ती तिच्यासोबतची कर्क्युमिनची रास, आणि चार महिने रोज दोनदा, तीही हृदयाच्या गोळ्यांबरोबर.

अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारं एक जाळं आहे. तिथल्या तज्ज्ञांनी हळदीच्या पूरकांमुळे (सप्लिमेंटमुळे) यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या सात जणांत एकच विशिष्ट जनुकीय खूण सापडली, आणि एक रुग्ण दगावला. हे सर्वांना होत नाही. कोट्यवधी लोक हळद खातात आणि धडधाकट असतात. पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. आणि त्या अहवालात दोष होता तो पूरकांचा, भाजीतल्या हळदीचा नव्हे.

पर्याय

डॉक्टरांपुढे तीन वाटा होत्या.

घरच्यांना हवी असलेली वाट म्हणजे स्टॅटिन नकोच. कॅप्सूल बंद करू, पथ्य कडक पाळू आणि तीन महिने बघू. मोह पडावा अशीच. पण पथ्याने एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरतं, फार तर थोडं अधिक. १७४ वरून ५५ कडे जायला सत्तर टक्के उतार लागतो. मसाल्यांवर ही भिस्त ठेवावी का, याचं थेट माणसांत तपासलेलं उत्तर आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये सुमारे दोनशे लोकांवर चाचणी केली : एका गटाला रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन, फक्त ५ मि.ग्रॅ.; एकाला नुसती नकली गोळी; बाकीच्या गटांना लसूण, दालचिनी, हळद, माशाचं तेल अशी बाजारातली पूरकं. २८ दिवसांत रोसुव्हास्टॅटिनने एलडीएल जवळजवळ ३८ टक्के खाली आणलं. पूरकांपैकी एकानेही नकली गोळीपेक्षा लक्षणीय घट केली नाही, आणि लसणाच्या गटात तर ते थोडं वाढलं. २८ दिवस थोडे आहेत, हा आक्षेप घेता येतो. पण स्टेंट बसलेल्या माणसाकडे मसाल्यांची वर्षभर वाट बघायला वेळ नसतो.

दुसरी वाट : स्टॅटिन त्याच दिवशी पुन्हा सुरू करायचं. हृदयरोगतज्ज्ञांचा कल आधी इकडे होता, कारण आठ महिने संरक्षणाविना गेले होते. पण एसजीपीटी मर्यादेच्या तिपटीहून जास्त होतं आणि कारण पक्कं झालं नव्हतं. तेव्हा गोळी दिली असती आणि आकडा चढाच राहिला असता, तर दोष कुणाचा हे कधीच उलगडलं नसतं. शिवाय काकांनी ती गोळी जन्मभरासाठी टाकली असती.

म्हणून तिसरी वाट. आधी कॅप्सूल, कच्चा लसूण आणि दालचिनीचा चहा बंद. हिपॅटायटिसच्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी, थायरॉइड, आणि स्नायूंना इजा झाली की वाढणारं सीपीके. दर दोन आठवड्यांनी एसजीपीटी. तो तिपटीच्या खाली येऊन उतरणीला लागला की कमी डोसने स्टॅटिन, आणि तेही रोसुव्हास्टॅटिन, कारण अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन यकृतातल्या ज्या एन्झाइमवर अवलंबून असतं त्यावर हे फारसं अवलंबून नसतं. दरम्यान अ‍ॅस्पिरिन आणि रक्तदाबाची गोळी चालू.

यात एक तडजोड होती. दूध, तूप आणि कॅप्सूल एकाच दिवशी बंद केल्यामुळे पुढे एलडीएल कशामुळे किती उतरलं हे वेगळं काढता येणार नव्हतं. संशोधन करायचं असतं तर एकेक गोष्ट काढली असती. इथे रुग्ण बरा करायचा होता.

स्वयंपाकघरात

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण प्रकरणाचा खरा पेच इथेच होता.

हृदयरुग्णाला 'तिखट, मसालेदार बंद' असं चिठ्ठीवर लिहून देण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. मसाला बंद झाला की जेवण मिळमिळीत होतं, मग चवीसाठी मीठ, लोणचं, पापड आणि वरून तूप येतं. काकांच्या घरी अँजिओप्लास्टीनंतरचे पहिले तीन महिने हेच झालं होतं. मसाल्याचा उपयोग काकांना होणार होता, पण रेणू म्हणून नाही, चव म्हणून : तेल, खोबरं, मीठ कमी करूनही जेवण जेवणासारखं लागावं म्हणून.

पहिला संशय मी वर्षाच्या चटणीवर घेतला होता. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी. त्यात खोबरं, तीळ आणि तळणाचं तेल सगळंच असतं. हिशेब केला तर त्यांच्या मापाने चटणीत पाव हिस्सा चरबी निघाली. पण माणशी रोज दहा ग्रॅम चटणी जाते, म्हणजे चरबी अडीच-तीन ग्रॅम. चटणी निर्दोष सुटली.

दोष वाटणाचा आणि कटाचा होता. काकू तांबड्या रश्श्यात पाच माणसांना दोन मोठ्या वाट्या सुकं खोबरं घालायच्या, आणि वर लाल तेलाचा बोटभर कट आला पाहिजे. मी कट कमी करा म्हटल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "कटच न्हाई दिसला तर रस्सा कसला? पावणा काय म्हणंल?"

या वाक्यापुढे आहारशास्त्राचं पुस्तक हात टेकतं. उपाय काकूंनीच काढला. मटणाची अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, आदल्या रात्री काढून फ्रीजमध्ये ठेवायची. सकाळी वर पांढरी चरबी पापुद्र्यासारखी जमलेली असते, ती डावाने उचलून टाकायची. पहिल्या वेळी ती एका वाटीत भरून त्यांनी काकांपुढे ठेवली. माझ्या चार भेटींपेक्षा ती वाटी जास्त बोलली. वाटणात खोबरं दोन वाट्यांऐवजी अर्धी वाटी, दाटपणासाठी भाजलेला कांदा आणि मूठभर फुटाण्याचं डाळं. रंगासाठी ब्याडगी मिरच्या कोमट पाण्यात भिजवून वाटायच्या, म्हणजे तेलाशिवायही रस्सा लालभडक दिसतो. खडा मसाला तेलात न परतता कोरड्या तव्यावर भाजायचा. फोडणीला पाच माणसांत तीन मोठे चमचे तेल, मोजून. चटणी त्यात घालून जळायच्या आत पाण्याचा हबका. पाहुणा आला तर त्याच्यापुरती वेगळ्या वाटीत तर्री.

पांढऱ्या रश्श्यावर आमचं जमलं नाही. नारळाचं दूध, तीळ, खसखस काढून घेतली तर उरतं काय? तो महिन्यातून एकदा, आणि वाटी एकच, असं ठरलं.

हळदीचं दूध बंद केलं, हळद नाही. ती आमटीत, भाजीत, अळणीत होती तशीच राहिली. लसूणही चटणीत आणि फोडणीत. दूध रोज एक कप, साय काढलेलं. कट्ट्याचा मुद्दा नाजूक होता. तिथे काकांचे तालमीपासूनचे सोबती भेटतात, आणि ती बैठक मोडायची नव्हती. काका रोज जातात आणि महिन्यातून एकदा छोटा पेला घेतात. निदान मला तसं सांगतात.

निष्पत्ती

हिपॅटायटिसच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. सोनोग्राफीत यकृतावर किंचित चरबी होती, पण तेवढ्याने एसजीपीटी २१२ होत नाही. कॅप्सूल बंद केल्यावर दोन आठवड्यांनी १३१, चौथ्या आठवड्यात ८४, दहाव्या आठवड्यात ४६. यकृतासाठी औषध काही दिलं नव्हतं. कॅप्सूल पुन्हा देऊन खात्री करून घेण्याचा विषय मुलाने काढला होता. डॉक्टरांनी साफ नकार दिला. यकृताच्या बाबतीत अशी परीक्षा घ्यायची नसते, दुसऱ्या वेळी इजा मोठी होऊ शकते.

चौथ्या आठवड्यात नुसत्या आहारावर एलडीएल १५१ होतं. १७४ वरून तेरा टक्क्यांची घट, पथ्याकडून जेवढी अपेक्षा करावी तेवढीच. त्या दिवशी रोसुव्हास्टॅटिन १० मि.ग्रॅ. सुरू झालं.

पोटऱ्यांचा प्रश्न राहिला होता. सीपीके आणि थायरॉइड नॉर्मल. फॅमिली डॉक्टरांनी काकांना लंडनमधल्या एका चाचणीची गोष्ट सांगितली. स्टॅटिन सोसवत नाही म्हणून सोडलेल्या साठ जणांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने नकली गोळी आणि काही महिने रिकामी बाटली दिली. गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्यातला नव्वद टक्के नकली गोळीच्या महिन्यांतही झाला. काकांना ते पटलं असं नाही. म्हणून गोळी सुरू होण्याच्या चार आठवडे आधीपासून ते रोज रात्री वर्कशॉपच्या डायरीत पोटरीच्या दुखण्याला दहापैकी मार्क देऊ लागले. गोळीविना तीन ते पाच. गोळीनंतरही तीन ते पाच. रविवारी, वर्कशॉप बंद असताना, एक. ही डायरी त्यांची स्वतःची होती, म्हणून तिच्यावर विश्वास बसला. मशिनीपुढे आता एक उंच स्टूल आहे.

रोसुव्हास्टॅटिनच्या आठ आठवड्यांनी एलडीएल ८३. आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारी इझेटिमाइब १० मि.ग्रॅ. जोडल्यावर ६४. एसजीपीटी ४१. रक्तदाब १३२/८२, ज्यात मिठाचा, लोणच्याचा आणि बहुधा नियमित गोळ्यांचा वाटा आहे. तेलाचा डबा आता साडेतीन महिने पुरतो. ५५ चं उद्दिष्ट अजून गाठलेलं नाही. रोसुव्हास्टॅटिन २० केलंय, पण डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी सहा टक्क्यांच्या आसपासच उतरतं, त्यामुळे काटा ६० च्या जवळपास अडकेल अशी शक्यता आहे. तसं झालं तर पुढे काय, हा विषय हृदयरोगतज्ज्ञांनी आताच काढून ठेवला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त उपाय होता तो प्रश्न वेगळा विचारण्याचा. "गोळ्या चालू आहेत ना?" याला उत्तर 'हो' असंच येतं. "यातली कुठली गोळी नकोशी झालीय?" असं विचारलं, किंवा गोळ्यांची पाकिटंच टेबलावर काढून ठेवायला सांगितलं, की आठ महिन्यांचं गुपित दोन मिनिटांत बाहेर येतं. आमच्या दवाखान्यात आता रुग्णाला पिशवी घेऊनच बोलावतात : डॉक्टरांची औषधं, वैद्यांची, ऑनलाइन मागवलेली, शेजारणीने दिलेली, सगळी.

घरी सोडताना दोन ओळी मिळायला हव्या होत्या : पाय दुखले तर गोळी बंद करण्याआधी फोन करा, आणि तीन महिन्यांनी लिपिड तपासा. ७८ आल्यावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पुढची तपासणी थेट चौदाव्या महिन्यात झाली. मधे एकदा जरी रक्त तपासलं असतं तर गोळी सुटल्याचं कॅप्सूल येण्याआधीच लक्षात आलं असतं.

मुलाच्या बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे. त्याला उडत्या माहितीवर विसंबल्याबद्दल घरात बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण तो मूळ संशोधनापर्यंत पोचला होता, प्रमाणही बरोबर काढलं होतं. त्याला हवा होता कुणीतरी तो कागद सोबत बसून वाचणारा. तो कागद दहाव्या महिन्यात एखाद्या डॉक्टरांपुढे आला असता, तर पहिला प्रश्न हाच झाला असता की हे स्टॅटिनसोबत की स्टॅटिनऐवजी, आणि त्या उंदरांना हृदयाच्या चार गोळ्या चालू होत्या का.

आता विषय मुलाचाच आहे. काकांचं लायपोप्रोटीन(ए), म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएलसारखाच एक कण, एकदा तपासून घेतलं, ते ६४ मि.ग्रॅ. आलं, ५० च्या वर ते धोक्याचं धरतात. हा आकडा मुख्यतः आईवडिलांकडून येतो, आणि पथ्याने, मसाल्याने किंवा स्टॅटिनने खाली येत नाही. मुलगा २९ वर्षांचा, त्याचं रक्त कधीच तपासलेलं नव्हतं. गेल्या आठवड्यात एलडीएल आलं १४८. लायपोप्रोटीन(ए) चा रिपोर्ट यायचा आहे.